बाबासाहेबांच्या निबंधावर मी काय लिहिणार?

प्रश्न : मी एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. बी.ए.पर्यंतचे शिक्षण तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमातून झाले. तिथे प्रश्नोत्तरांच्या पुस्तकावर भागत असे. इथे दर आठवड्याला एक इंग्रजी लेख वाचून यावा लागतो. शब्दकोश हाताशी घेऊन मी ओळ न् ओळ वाचते, झेरॉक्सचे अर्धे पान हायलाइटरने पिवळे होते आणि शेवटी लेखकाचे सगळेच पटते. पहिल्या असाइनमेंटवर मॅडमनी शेरा दिला, 'हा सारांश झाला, चिकित्सा कुठे आहे?' आता डॉ. आंबेडकरांचा १९१६ सालचा 'कास्ट्स इन इंडिया' हा जातिसंस्थेवरील निबंध चिकित्सक परीक्षणासाठी दिला आहे. आमच्या घरात बुद्धाच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांच्या निबंधावर मी काय लिहिणार? दोष काढायला मन धजत नाही आणि काढायचे म्हटले तरी दिसत नाहीत. वर्गातले काही जण एआयकडून मुद्दे काढून घेतात. तसे करावे का? पंधरा दिवस हातात आहेत.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या हाती पंधराच दिवस असल्यामुळे हे उत्तर छापण्याआधीच तुम्हाला मेलने पाठवले होते. अशाच अडचणीची पत्रे दर वर्षी नवे सत्र सुरू झाले की येऊ लागतात, म्हणून ते येथेही देत आहे.

मॅडमचा शेरा योग्य आहे, परंतु अपुरा आहे. सारांशाकडून चिकित्सेकडे कोणत्या वाटेने जायचे, हे त्यात नाही. तुम्हाला ही अडचण इंग्रजीची किंवा धैर्याची वाटते आहे. माझ्या मते ती दोन्हींची नाही. तुम्ही प्रत्येक वाक्यापाशी थांबून 'याचा अर्थ काय' एवढेच विचारता, आणि अर्थ लागला की पुढच्या वाक्याकडे जाता. 'हे वाक्य येथे कशासाठी आले आहे, ते कोणते काम करते आहे' हा दुसरा प्रश्न तुमच्या वाचनात नाही. अर्थ लागलेले वाक्य बहुधा पटतेच, कारण सुटे वाक्य अमान्य करण्यासारखे त्यात काही नसते. त्याचे काम कळले, म्हणजे ते आधीच्या कोणत्या विधानावर टेकले आहे आणि पुढचे कोणते विधान त्याच्यावर टेकले आहे हे दिसू लागले, की मग तो टेकू पुरेसा आहे का, हा विचार मनात येण्यासाठी कोणाचाही अनादर करावा लागत नाही.

'दोष काढणे' हा शब्दप्रयोग मात्र आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे 'टीका' या शब्दाचा जुना अर्थ भाष्य असा आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे कोणी गीतेचे दोष काढलेले नसतात. वृत्तपत्रांनी आणि राजकारणाने त्या शब्दाला आज जो वास आणला आहे, तो नाकात ठेवून विद्यापीठातील लेख वाचू नयेत.

तुम्हाला नेमून दिलेला निबंध या कामासाठी इतका योग्य आहे की तुमच्या मॅडमनी तो जाणून निवडला असावा असे मला वाटते. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये तो वाचला गेला. पुढे मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडाची सुरुवातही त्यानेच होते. तो वाचला तेव्हा बाबासाहेबांचे वय पंचवीस वर्षांचे होते. भिंतीवरच्या फोटोतील बाबासाहेब तेव्हा अजून व्हायचे होते. शिष्यवृत्तीवर शिकणारा एक विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांसमोर आणि सहाध्यायांसमोर निबंध वाचत होता. म्हणजे आपण ज्याला आज सेमिनार पेपर म्हणतो, तेच ते लेखन. आणि त्या निबंधाच्या पहिल्या भागात त्यांनी काय केले आहे? आपल्याआधी जातीची व्याख्या करणाऱ्या चार विद्वानांचे चिकित्सक परीक्षण केले आहे. 'माझे धाडस कसे व्हावे' या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पानांत आहे, म्हणून ती पाने आपण जरा सावकाश पाहू.

ते चार विद्वान म्हणजे फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. या चौघांना बाबासाहेबांनी सारखी वागणूक दिलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. रिस्ले यांच्या व्याख्येत विशेष दखल घ्यावी असा नवा मुद्दा नाही, असे सांगून ते पुढे जातात. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेला जातीचे लक्षण मानले होते. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की, विटाळ-शुद्धीची कल्पना पुरोहितांच्या कर्मकांडातून येते आणि ती जातीपुरती मर्यादित नाही. जातिव्यवस्थेत सर्वांत वरच्या स्थानी पुरोहितांची जात आहे म्हणून ती कल्पना जातीला चिकटलेली दिसते. नेसफील्ड यांनी रोटीव्यवहाराच्या बंदीवर भर दिला होता. तेथे परिणामालाच कारण समजण्याची चूक झाली आहे, असे निबंधात म्हटले आहे, कारण जो गट स्वतःला बंद करून घेतो त्याचे बाहेरच्यांशी जेवणखाण आपोआपच थांबते, आणि त्याला धर्माज्ञेचे रूप नंतर येते.

केतकरांच्या बाबतीत मात्र ते थांबतात. आधी मोकळेपणाने श्रेय देतात: केतकरांनी जात ही सुटी वस्तू न मानता जातींच्या व्यवस्थेतील एक घटक म्हणून तिची व्याख्या केली आणि जी लक्षणे अगदी अटळ आहेत तेवढ्यांकडेच लक्ष दिले. त्यानंतर आक्षेप येतो. केतकरांनी दोन लक्षणे सांगितली आहेत, एक जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि दुसरे गटाबाहेर विवाहाला बंदी. पण ही दोन वेगळी लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, कारण बाहेर विवाह बंद केला की सदस्यत्व आतल्या जन्मापुरतेच उरते. एवढ्या एका सूक्ष्म दुरुस्तीतून, म्हणजे दोनाचे एक करण्यातून, त्यांना स्वतःचे मुख्य विधान मिळते की अंतर्विवाह, म्हणजे गटाच्या आतच विवाह करणे, हेच जातीचे खास लक्षण आहे. ज्या लेखकाशी त्यांचे सर्वाधिक जुळते, त्याच्याशीच त्यांनी सर्वांत बारकाईने वाद घातला आहे, आणि तोच वाद सर्वांत फलदायी ठरला आहे.

या चार परीक्षणांत 'हे विधान खोटे आहे' असे त्यांनी जवळजवळ कोठेच म्हटलेले नाही. विटाळ मानला जात होता, रोटीव्यवहार बंद होता, हे त्यांनाही मान्यच आहे, आणि ते त्यांनी सोसलेलेही होते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: हे लक्षण काढून घेतले तर जात उरते का? उरत असेल तर ते लक्षण खरे असूनही व्याख्येत बसत नाही. 'खरे आहे, पण जे सिद्ध करायचे आहे त्याला पुरत नाही' या प्रकारचा आक्षेप घेता येणे हे चिकित्सक वाचनाचे फार मोठे अंग आहे आणि नेमके तेच पदवीपर्यंतच्या आपल्या परीक्षापद्धतीत कोणी शिकवत नाही.

आता हीच रीत त्यांच्या निबंधाला लावायची. सुरुवात शीर्षकापासून करा. त्यात 'कास्ट्स इन इंडिया'च्या पुढे तीन महत्त्वाचे शब्द आहेत: मेकॅनिझम, जेनेसिस आणि डेव्हलपमेंट, म्हणजे जात कशी चालते, ती प्रथम कोठे उत्पन्न झाली आणि ती कशी पसरली. ही तीन वेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळ्या जातीचा आहे (येथे हा शब्द नकळत आला, पण राहू द्या). पहिल्या कामाला तर्क पुरू शकतो, दुसऱ्याला इतिहासाचा आधार लागतो, तिसऱ्याला समाजातील बदल कसे घडतात याविषयीचा सिद्धांत लागतो. निबंध पहिल्यांदा वाचताना समासात फक्त एवढेच लिहा की हा परिच्छेद या तिघांपैकी कोणत्या कामाचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक परिच्छेदापुढे मराठीत एकच क्रियापद लिहा: व्याख्या करतो, गृहीत धरतो, निष्कर्ष काढतो, उदाहरण देतो, संभाव्य आक्षेपाला उत्तर देतो, मुद्दा बाजूला ठेवतो. हायलाइटर तेवढे दिवस कपाटात असू द्या. पिवळा रंग 'हे महत्त्वाचे' एवढेच सांगतो, का महत्त्वाचे हे सांगत नाही, आणि चार दिवसांनी तुमचे तुम्हालाही आठवत नाही.

असे वाचले की सांगाडा साधारण असा दिसेल. एखाद्या गटाला अंतर्विवाह टिकवायचा असेल तर त्याच्यातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. पती किंवा पत्नी यांपैकी एक जण आधी मरतो आणि मागे राहिलेली व्यक्ती अतिरिक्त ठरते. अतिरिक्त स्त्रीसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य, आणि अतिरिक्त पुरुषासाठी ब्रह्मचर्य किंवा अजून विवाहयोग्य न झालेल्या वयातील मुलगी, असे मार्ग निघतात. या प्रथांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागाहून येते. प्रथा मुळात अंतर्विवाह टिकवण्याची साधने आहेत. येथवर पहिले काम झाले. या प्रथा पुरोहित वर्गात सर्वांत कडकपणे पाळल्या जात, म्हणून त्या वर्गाने प्रथम स्वतःला बंद करून घेतले असले पाहिजे. हे दुसरे काम. इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि जो गट त्या वर्गाच्या जितका जवळ तितके त्याचे अनुकरण अधिक पूर्ण. ज्यांनी अनुकरण केले नाही त्यांनाही दार बाहेरून लागलेले आढळले. हे तिसरे काम, आणि त्यासाठी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला आहे.

सांगाडा कागदावर आला की सांधे, म्हणजे एक विधान दुसऱ्यावर जेथे टेकते त्या जागा, दिसतात. मी एकाच सांध्याचे उदाहरण देतो, आणि मुद्दाम असे देतो की ज्यासाठी इंग्रजी ग्रंथालयापेक्षा तुमच्या आजीची माहिती उपयोगी पडावी. विधवेचा पुनर्विवाह महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मणेतर जातींत पूर्वापार होत असे. त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत, आणि मराठेशाहीच्या वसुलीत 'पाटदाम' नावाची पट्टीही होती. मग मनात प्रश्न यावा की, ज्या जातींनी विधवेला पुन्हा लग्न करू दिले त्यांचा अंतर्विवाह मोडला का? मोडलेला तर दिसत नाही. मग सक्तीचे वैधव्य हे अंतर्विवाह टिकवण्याचे आवश्यक साधन कसे?

हा आक्षेप सुचला म्हणून लगेच लिहायला बसू नका. असा आक्षेप सुचण्याचा क्षण फार आनंदाचा असतो आणि म्हणूनच धोक्याचा असतो. आधी निबंधात परत जा आणि लेखकाने याला उत्तर दिले आहे का ते पाहा. येथे एक नव्हे, दोन उत्तरे सापडतात. एक तर, विधवेने जातीतच पुन्हा लग्न केले तर ती कुमारिकांसाठी राखीव असलेल्या वरांत वाटेकरी होते, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. म्हणजे हा पर्याय त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. दुसरे, पुरोहित वर्गापासून दूर असलेल्या जाती सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचे अनुकरण करत नाहीत, हेही त्यांच्या मांडणीत बसते; म्हणून पाटाची चाल ही त्यांच्या तिसऱ्या कामाच्या विरोधात जात नाही, उलट त्याला दुजोराच देते. आक्षेप अर्धा विरला. पण उरलेला अर्धा आता अधिक टोकदार झाला आहे. अनेक जातींत विधवेचा पाट प्रायः बिजवराशी, म्हणजे दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्याशी, लागे, आणि प्रथमवराला विधवेशी पाट लावायचा असल्यास आधी त्याचे रुईच्या झाडाशी लग्न लावून त्याला बिजवर ठरवण्याची चाल होती. म्हणजे त्या जातींनी अतिरिक्त स्त्री आणि अतिरिक्त पुरुष यांची एकमेकांशीच गाठ घालून दिली होती, आणि कुमारिकांच्या वाट्याला धक्का लागू नये याची तजवीजही केली होती. हा मार्ग उपलब्ध असताना सती, वैधव्य आणि बालविवाह हे मार्ग निवडले गेले असतील, तर संख्येच्या जुळवणीखेरीज आणखी एखादे कारण मानावे लागेल का? निबंधातील पहिले काम यामुळे कोसळते, की फक्त त्याची व्याप्ती कमी होते, की लेखकाच्या मांडणीत यालाही जागा आहे? याचे उत्तर मी देणार नाही. तुमचे परीक्षण या प्रश्नाभोवती उभे राहू शकते, एवढेच सांगतो.

एक इशारा मात्र देतो. 'आमच्या गावाकडे असे होते' हा प्रश्न सुचण्याचा चांगला उगम आहे, पण तो पुरावा नव्हे. आजीला जरूर विचारा. नंतर ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातील जातिजमातींवर तयार केलेले तीन खंड ग्रंथालयातून काढा, त्यांत जातवार नोंदी आहेत, आणि त्या नोंदी कोणी, कोणाला विचारून आणि कोणत्या सरकारी गरजेतून केल्या, हाही प्रश्न त्यांना विचारा. संस्कृत टीकाकार मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवर लिहिताना 'नामूलं लिख्यते किञ्चित्' अशी प्रतिज्ञा केली होती. मूळ आधार नसलेले काही लिहिणार नाही, असा तिचा अर्थ. संदर्भसूचीची इतकी चांगली व्याख्या मला कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात आढळलेली नाही.

इतर सांधे तुम्ही शोधाल. भारतीय द्वीपकल्पाइतके सांस्कृतिक ऐक्य अन्य कोठे नाही, हे विधान निबंधाच्या आरंभी येते आणि जात म्हणजे या एकसंध वस्तूचे पाडलेले तुकडे हा पुढचा निष्कर्ष त्याच्यावर टेकलेला आहे. ते विधान सिद्ध केले आहे की गृहीत धरले आहे, ते पाहा. तारखेचेही भान ठेवा. १९१६ साली मनूने जातीचा कायदा निर्माण केला नाही, तो करूच शकला नसता, असे म्हणणारा हाच लेखक १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घालतो. त्यात विसंगती आहे, की एका ठिकाणी उत्पत्तीचा आणि दुसऱ्या ठिकाणी टिकून राहण्याचा प्रश्न आहे, हे ठरवण्यासाठी दोन्ही लेखने समोरासमोर ठेवावी लागतील. एवढे तुमच्या पंधरा दिवसांत बसणार नाही, पण तळटीपेत तुम्ही तो प्रश्न नोंदवू शकता. आणि अनादराचे भय अजूनही वाटत असेल तर निबंधाचा शेवटचा परिच्छेद वाचा. आपली मते अंतिम आहेत असे समजण्याइतका मी उद्धट नाही आणि ती टिकणारी नाहीत असे दिसल्यास सोडून द्यायला तयार आहे, या आशयाचे तेथे लेखकानेच लिहून ठेवले आहे.

पुढच्या आठवड्यांत तुम्हाला आकड्यांचे लेख येतील, तेव्हा वाक्याचे काम पाहण्याची ही सवय वेगळ्या रूपात लागेल. त्यासाठी आणखी एका विद्यार्थ्याची गोष्ट. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली असे मांडले की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांच्या वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का पडतो, आणि युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कमी करण्याच्या बाजूने या निष्कर्षाचा हवाला वारंवार दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातील असाइनमेंट म्हणून एखाद्या प्रसिद्ध लेखातील आकडे स्वतः मांडून पाहायचे होते. त्याने हा लेख घेतला आणि आकडे काही जुळेनात. लेखकांनी त्याच्या विनंतीवरून मूळ एक्सेल शीट पाठवली. तिच्यात सरासरीच्या सूत्रातून ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले होते. २०१३ साली त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह जो लेख काढला त्यात तीच सरासरी २.२ टक्के निघाली.

ही कथा लोक 'एक्सेलमधली चूक' म्हणून सांगतात, आणि तशी सांगणे हेच अचिकित्सक वाचन आहे. सूत्रातील चुकीने पडलेला फरक लहान होता. मोठा फरक काही वर्षांची आकडेवारी वगळल्यामुळे आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीमुळे पडला होता: न्यूझीलंडचे एकच वर्ष, १९५१, ज्यात वाढ उणे ७.६ टक्के होती, त्याला ब्रिटनच्या तब्बल १९ वर्षांइतकेच वजन दिले गेले होते. पहिली गोष्ट चूक होती आणि लेखकांनी ती मान्य केली. दुसरी गोष्ट हा त्यांचा निर्णय होता, आणि त्याचे समर्थन करता येते की नाही यावर वाद होऊ शकतो. आकडेवारीच्या लेखात 'यात कोण मोजले गेले, कोण वगळले गेले आणि कोणाला किती वजन मिळाले' हे तीन प्रश्न विचारण्यासाठी गणिताची पदवी लागत नाही.

क्षेत्रकार्यावरील लेखनात हेच प्रश्न 'कोणाशी बोलले, कोठे राहिले, कधी लिहिले' असे होतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या ज्या खेड्याचा अभ्यास केला, त्यावरील त्यांच्या टिपणांच्या प्रती १९७० साली स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत जळाल्या, आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ मुख्यतः आठवणीतून लिहिला गेला. हे कळल्यावर ग्रंथाचे मोल कमी होत नाही. पण त्यातील एखाद्या संभाषणावर तुम्ही किती भार टाकाल, यात फरक पडायला हवा.

आता इंग्रजीविषयी. शब्दकोश सोडू नका, पण प्रत्येक अनोळखी शब्दासाठी उघडूही नका. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. 'एंडोगॅमी' म्हणजे 'अंतर्विवाह' एवढे तेथे मिळेल, पण हा लेखक तो शब्द नेमका कोणत्या मर्यादेत वापरतो हे लेखातच शोधावे लागेल. मला खरी काळजी मोठ्या शब्दांची नाही, लहान शब्दांची वाटते. 'मे', 'सीम्स', 'सजेस्ट्स', 'लार्जली' हे शब्द आपण मराठी टिपण काढताना गाळून टाकतो. लेखकाने 'असे दिसते' म्हटलेले असते आणि आपल्या वहीत 'असे आहे' उतरते. लेखकाने 'बहुतांशी' म्हटलेले असते आणि आपल्याकडे 'सर्व' होते. मी स्वतः एम.ए.ला असताना एका लेखावर असाच त्वेषाने आक्षेप घेतला होता, आणि सरांनी वर्गात मूळ वाक्य मोठ्याने वाचायला लावले तेव्हा ध्यानात आले की मी ज्याच्याशी भांडत होतो ते वाक्य लेखकाचे नव्हतेच, माझ्या वहीतले होते. तेव्हापासून मी 'कदाचित' आणि 'बहुधा' यांच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढत आलो आहे.

एआयबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. एखादे अडलेले वाक्य सोपे करून घ्यायला हरकत नाही, पण ते मूळाशी ताडून पाहा. मुद्दे मात्र काढून घेऊ नका. सारांश तुम्हाला उत्तम जमतो, हे मॅडमच्या शेऱ्यावरूनच दिसते. जे जमत नाही ते यंत्राकडून करून घेतल्यास ते पुढच्या सत्रातही जमणार नाही. शिवाय त्याने दिलेले संदर्भ अस्तित्वात असतीलच असे नाही.

लिहिताना आपल्या शास्त्रार्थाची जुनी रीत वापरा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे लेखकाची बाजू, इतक्या प्रामाणिकपणे मांडा की लेखकाने ती वाचून 'होय, मला हेच म्हणायचे होते' असे म्हणावे. सारांश लिहिण्याचे तुमचे कौशल्य येथेच कामी येते, फक्त त्याला एकूण पानांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा देऊ नका. त्यानंतर एकच सांधा निवडा. पाच आक्षेपांची यादी देऊ नका, कारण यादीत कोणताच आक्षेप तडीस जात नाही. त्या सांध्यावर लेखकाचे संभाव्य उत्तर तुम्ही स्वतः द्या आणि ते देऊनही काय उरते ते लिहा. पहिले तीन दिवस फक्त वाचनासाठी ठेवा, समासातील टिपणे मराठीतच करा, आणि इंग्रजी मसुदा आठव्या दिवसाच्या आत सुरू करू नका. मसुद्यातील प्रत्येक 'डॉ. आंबेडकर म्हणतात'समोर पानाचा क्रमांक लिहा. तो सापडत नसेल तर ते वाक्य तुमचे आहे, त्यांचे नाही.

एवढे सगळे करूनही शेवटी निबंध पूर्णपणे पटला, असेही होईल. मग तसेच लिहा, मॅडमना काहीतरी आक्षेप हवा म्हणून ओढूनताणून आणू नका; फक्त कोणत्या सांध्यापाशी तुम्ही अडखळलात आणि निबंधातील कोणत्या परिच्छेदाने तुम्हाला तेथून पुढे नेले, हे पानांच्या क्रमांकांसह नोंदवा.